तळघरातली नागपंचमी

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर श्रावण माझ्या आधी उठतो. मी इथे जर्मनीत, ब्योब्लिंगेनमध्ये गजर बंद करून चष्मा चाचपत असते, तोवर तिकडे साताऱ्याला दोन्ही नणंदांच्या पूजा आटोपलेल्या असतात आणि कुठल्याशा लांबच्या काकांनी गेल्या वर्षीचाच तो हलणारा नाग पुन्हा पाठवलेला असतो. नाग डोलतो, खाली शुभेच्छा चमकतात. आजही आला. मी बघितला, फोन पालथा टाकला आणि सवयीने रेवाच्या खोलीत गेले. सातला कट् असा बारीक आवाज झाला आणि रिकाम्या काचेच्या पेटीत दिवा लागला.

दिवा टायमरवर आहे. टायमर भिंतीतल्या सॉकेटमध्ये आहे. तो काढायला मला फक्त थोडं वाकायला लागेल. दोन वर्षं झाली, मी वाकलेली नाही. शिरीष, माझा नवरा, सुरुवातीला एकदा म्हणाला, "अगं, उगाच जळतोय तो." मी त्याच्याकडे असं काही बघितलं की त्याने पुन्हा विषय काढला नाही.

पेटीत तळाला लाकडाचा भुसा आहे, पाण्याचं एक वाडगं आहे आणि उपडी घातलेली नारळाची करवंटी आहे. करवंटी माझ्याकडची. मीच तिची कड घासून गुळगुळीत केली होती, कारण रेवा म्हणाली होती की तिला लपायला काहीतरी हवं. त्या करवंटीखाली जिलबी राहायची.

जिलबी म्हणजे माझ्या मुलीचा साप. मक्याच्या शेतात सापडणाऱ्या एका अमेरिकन जातीचा, बिनविषारी, माझ्या करंगळीएवढा जाड आणि रंगाने असा केशरी की वेटोळं करून बसला की दुसरं काही नाव सुचूच नये. साप मादी होती, म्हणून 'ती'. इथे जन्मलेल्या, मराठी कळणाऱ्या पण प्रत्येक गोष्टीचं उत्तर जर्मनमध्ये देणाऱ्या पोरीने आपल्या पहिल्या प्राण्याला मराठी नाव ठेवलं, याचं मला तेव्हा कोण कौतुक वाटलं होतं! मात्र ते कौतुक मी दाराबाहेरून केलं. आत पाऊल टाकायची माझी टाप नव्हती.

आता हा शब्द मी किती सहज लिहिला बघा. साप. माझं माहेर कऱ्हाडजवळचं, चारी बाजूंनी ऊस. आमच्याकडे दिवेलागणीनंतर हा शब्द कुणी तोंडातून काढायचं नाही. 'लांबडं' म्हणायचं, 'जनावर' म्हणायचं. "गोठ्यात लांबडं निघालंय" म्हटलं की वडील बॅटरी आणि काठी घेऊन बाहेर पडायचे आणि आम्ही भावंडं पाय वर घेऊन खाटेवर बसायचो. शेजारची सुमनअक्का उसात भांगलताना गेली. मी नऊ वर्षांची होते. तिला घेऊन जायला जीप आली तेव्हा तिचं पोर अंगणात लाह्या वेचून खात होतं, एवढंच आठवतं. त्यानंतर मी कधी रबरी पाइपसुद्धा न बघता ओलांडला नाही.

अशा बाईच्या घरात साप आला. कसा आला? 'बघू'मुळे आला. आमच्या घरात 'नाही' म्हणायची पद्धत नाही, 'बघू' म्हणायचं. कुत्रा हवा? बघू. कान दोन ठिकाणी टोचायचेत? बघू. पाच वर्षांची असताना रेवाने किंडरगार्टनमधल्या मैत्रिणीला माझ्यासमोर समजावून सांगितलं होतं, "आमच्या घरी बघू म्हणजे नाइन." नाइन म्हणजे जर्मनमध्ये नाही. आम्ही दोघं किती हसलो होतो! सतराव्या वर्षी तिने साप मागितला तेव्हाही मी 'बघू' म्हणाले. या वेळी मात्र तिने बापाला गाठलं, सही घेतली आणि शाळेतल्या एका मैत्रिणीच्या घरून, जिथे पिल्लं झाली होती, एक पिल्लू आणलं. मी तीन दिवस शिरीषशी बोलले नाही आणि तीन महिने त्या खोलीत गेले नाही. तिचे धुतलेले कपडे मी दाराशी ठेवायचे, हॉटेलात ठेवतात तसे.

मग तो मे महिना आला.

रेवाला जुलैच्या शेवटी बर्लिनला जायचं होतं, एका प्राण्यांच्या दवाखान्यात दोन आठवड्यांचं प्राक्टिकुम, म्हणजे कामाचा अनुभव घ्यायला. सापाकडे बघणार कोण? शिरीष त्याच दिवसांत कामासाठी हेर्त्सोगेनआउराखला असणार, तिथे त्याचा प्रोजेक्ट चालू होता, एरवी शनिवार-रविवारी घरी यायचा, पण ते दोन आठवडे तिकडेच. उरले मी. एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली (जर्मनमध्येच, पण मला तिचं जर्मन आता मराठीतच आठवतं), "आई, मी तुला शिकवते. तुला जमेल. घाई नाही करायची."

मला ओरडायचं होतं. पण पोरीने किती दिवसांनी आपणहून माझ्याकडे काही मागितलं होतं! सतरा वर्षांच्या मुली आईकडे वाय-फायच्या पासवर्डखेरीज काय मागतात? मी पदर खोचला. म्हणजे पदर नव्हता, ॲप्रन होता, तो काढून ठेवला.

पहिल्या दिवशी मी दारात उभी राहिले. दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसले, खोलीच्या या टोकाला. चौथ्या दिवशी काचेपाशी. जिलबी जीभ काढायची, आत घ्यायची. "ती तुला हुंगते आहे," रेवा म्हणाली. "मला फोडणीचा वास येत असेल," मी म्हणाले. "गेनाऊ, अगदी बरोबर," ती म्हणाली, "म्हणूनच आधी हात धुवायचे. कोमट पाण्याने, बिनवासाच्या साबणाने. नाहीतर तिला वाटेल की हे खायचं आहे."

शाळेत असल्यासारखी मी एकेक नियम शिकत गेले. वरून हात घालायचा नाही, वरून येतात त्या घारी. बाजूने जायचं, सावकाश. आधी कागदाच्या गुंडाळीने हलकेच स्पर्श करायचा, म्हणजे तिला कळतं की जेवण नाही, माणूस आलंय. पकडायचं नाही, आधार द्यायचा. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. आणि काही झालं तरी तिची जागा गरम पाहिजे, विशेषतः पोटात अन्न असताना, कारण तिला स्वतःची ऊब नसते, बाहेरून घ्यावी लागते. हा शेवटचा नियम तिने मला दोनदा सांगितला. मी दोनदा मान डोलावली.

ऑफिसात माझं काम काय, तर गाडीचा एखादा भाग कुठे, कसा, कशामुळे बिघडू शकेल याची आधीच यादी करायची. वीस वर्षं हेच करते आहे. लोक मला चिडवतात की ही बाई चहा पितानाही कप कुठून फुटेल ते बघते. तेव्हा नियम पाठ करणं मला जड नव्हतं. जड होतं ते हात पुढे करणं.

जूनमधल्या एका दुपारी रेवाने माझ्या तळव्याखाली आपला तळवा धरला. "लांगझाम, आई," ती म्हणाली. सावकाश. मग दुसऱ्या हाताने जिलबीला उचलून माझ्या हातावर सोडलं. मी डोळे गच्च मिटले होते. ओलं, बुळबुळीत काहीतरी वाटेल अशी तयारी करून बसले होते, आणि ते कोरडं होतं. थंडही नाही, दिव्याखाली बसून आलेली ती, कोमट होती. बोटांच्या मधून वाट काढत ती मनगटाकडे निघाली. अंगातली प्रत्येक पेशी मला सांगत होती की झटक, उठ, पळ. आणि खालून रेवाचा तळवा माझा हात सांभाळत होता. "ती तुझ्यापेक्षा जास्त घाबरली आहे," ती म्हणाली. "काय सांगतेस! माझ्यापेक्षा?" मी म्हणाले, आणि दोघी हसलो. जिलबी दचकली आणि माझ्या बांगडीत शिरली.

खरं सांगू? त्या दिवशी मला सापाचं काही वाटलं नाही. मला वाटलं ते रेवाच्या हाताचं. रस्ता ओलांडताना ती माझा हात धरायची ते बंद झाल्याला किती वर्षं झाली होती! बोटं लांब झाली होती, माझ्याहून लांब. अंगठ्याशी शाईचा डाग होता. मी मुद्दाम घाबरत राहिले, म्हणजे तिने हात काढू नये. पुढचे पंधरा दिवस मी रोज थोडी थोडी घाबरायचे. ती रोज म्हणायची, आज खूपच छान जमलं तुला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा तो उन्हाळा होता आणि तो संपत चाललाय हे मला कळलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी तिने विचारलं, "आजी येणार आहे ना ऑगस्टमध्ये? तिला जिलबीबद्दल सांगितलंस?"

मी म्हणाले, "बघू."

तिने एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मग बॅगेची चेन ओढली.

आमच्या आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, व्हिसा लांबला होता आणि अचानक आला. मिळालेलं तिकीट श्रावणातलं, रेवा जाऊन जेमतेम आठवडा झालेला. आई आल्या की रेवाच्या खोलीत झोपतात, ते ठरलेलंच आहे. त्यांचा श्रावण कडक. घरात अंडंसुद्धा चालत नाही. आणि माझ्या फ्रीजरमध्ये, खवलेल्या नारळाच्या पिशव्यांखाली, आइस्क्रीमच्या जुन्या डब्यात गोठवलेले उंदीर होते, डब्यावर रेवाच्या अक्षरात 'उघडू नका'.

मी यादी केली. यादी करणं हे माझं कामच. आईंना रक्तदाबाचा त्रास, धक्का बसला तर? नणंदांना कळलं तर फोनवर काय काय ऐकावं लागेल? 'सूनबाईंनी साप पाळलाय' हे साताऱ्यात किती वेळात पसरेल? आई दोन दिवसांत परतीचं तिकीट मागतील. शिरीष तोंडाला कुलूप लावून बसेल. सगळं लिहून काढलं. जिलबीला थंडी वाजेल, हे त्या यादीत नव्हतंच.

थंडी सुचणार तरी कशी? त्या आठवड्यात इथे उन्हाने कहर केला होता. दिवसभर खिडक्यांची शटरं खाली ओढून आम्ही अंधारात बसत होतो. आमच्या इमारतीला केलर आहे, तळघर, तिथे प्रत्येक घराला लाकडी पट्ट्यांचा एकेक कप्पा. सुटकेसा, हिवाळ्याचे टायर, तांदळाची गोणी, गणपतीची आरास, सगळं तिथे. खाली गेलं की अंगाला गार हवा लागायची आणि जीव सुखावायचा. मला वाटलं, तिलाही बरं वाटेल. मला गार बरं वाटतं म्हणून तिलाही. वीस वर्षं इंजिनिअरिंग केलेल्या बाईची ही अक्कल!

आई यायच्या आदल्या दिवशी, रविवारी, जिलबीच्या जेवणाचा वार होता. मी एकटीने तिला खायला घातलं, पहिल्यांदाच. लांब चिमट्याने उंदराचं पिल्लू धरलं, तोंड दुसरीकडे वळवलं, आणि तिने झडप घातली तेव्हा मोठ्याने "अगं बाई!" म्हणाले. फोटो काढून रेवाला पाठवला. तिने टाळ्यांची रांगच्या रांग पाठवली. सोमवारी सकाळी विमानतळावर निघण्यापूर्वी मी जिलबीला एका छोट्या प्लास्टिकच्या पेटीत घातलं. खाऊन एक दिवसही झाला नव्हता. पेटी केलरमध्ये टायरांवर ठेवली, वर गणपतीच्या आराशीतलं कापड टाकलं. उरलेले उंदीर कचऱ्यात टाकायला गेले तर तिथे अर्धा मिनिट उभी राहिले, हे भाज्यांच्या सालींच्या डब्यात जातं की उरलेल्या कचऱ्याच्या? इतकी वर्षं इथे राहिल्यावर माणसाला असल्याच शंका नेमक्या येतात. वरच्या काचेच्या पेटीवर चादर टाकली आणि दार लावून घेतलं. दोनच दिवस, मी स्वतःला म्हटलं. आई स्थिरस्थावर झाल्या की सांगू.

आई आल्या. पिशव्यांतून मेतकूट, लोणचं, लाह्या. "पंचमी इथेच होणार ना, म्हटलं तुझ्याकडे लाह्या कुठून असणार." मंगळवारी सकाळी चहा घेताना म्हणाल्या, "अगं, त्या चादरीखाली आपोआप दिवा लागला. काय आहे तिथे?"

"मासे होते रेवाचे," मी म्हणाले. "आता नाहीत."

"बरं वाटलं हो. देवघरात दिवा लागल्यासारखं."

रेवाचा रोज मेसेज यायचा, जिलबी कशी आहे? मी जूनमधला एखादा फोटो शोधून पाठवायचे आणि वर अंगठा. मी सकाळ-संध्याकाळ तांदळाचं, टायरांचं काहीतरी निमित्त काढून खाली जायचे, कापड उचलून बघायचे. ती कोपऱ्यात असायची, हलत नसायची. झोपली असेल, गारव्यात छान झोप लागते, मी म्हणायचे. हात लावत नव्हते. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही, सोमवारी मोडलेला हा नियम आता तेवढा मी पाळत होते.

बुधवारी पंचमी. आईंनी सकाळीच बजावलं, आज चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. पुरणाची दिंडं उकडली. पाट नव्हता म्हणून पोळपाट उलटा करून त्यावर गंधाने नागोबा काढला, नऊ नाग आणि त्यांची पिल्लं. हळद-कुंकू, दूर्वा तर इमारतीमागच्या हिरवळीतून मीच उपटून आणल्या. दूध, लाह्या. आईंनी हात जोडले. मीही जोडले. बाहेर ऊन रणरणत होतं आणि माझ्या पायांखाली तीन मजले सोडून, अंधारात, एक खराखुरा नाग होता.

पूजा झाल्यावर आई तिथेच भिंतीला टेकून बसल्या. "लहानपणी आमच्या गावात पंचमीला गारुडी यायचा," त्या म्हणाल्या. "सगळ्या बायका लांबनं पूजा करायच्या. मी हात लावला होता. आईने पाठीत धपाटा घातला. पण काय सांगू तुला, मऊ नसतं गं ते. कोरडं असतं. आणि अंगात केवढा जोर! पुन्हा कधी लावायला मिळालं नाही. तू बघितलास का गं कधी जवळून?"

तोंडाशी आलं होतं. देवाशपथ आलं होतं. पण आता सांगायचं तर मासे खोटे, चादर खोटी, तीन दिवस खोटे.

"छे हो आई," मी म्हणाले. "मला भीती वाटते."

मग मी तांदूळ आणते म्हणून खाली गेले.

कापड उचलल्याबरोबर वास आला. कागद घाण झाला होता. रविवारचं पिल्लू अर्धवट तसंच बाहेर पडलेलं होतं. आणि जिलबी वेटोळं करून नव्हती, सैल, लांब पडली होती. मी हात धुतले नाहीत. कागदाची गुंडाळी नाही, बाजूने नाही, सावकाश नाही. वरून हात घातला आणि उचललं. थंड होती, नळाच्या पाण्यासारखी. मी कुडता वर करून तिला पोटाशी धरलं, उघड्या पोटाशी, आणि जिना चढले. तीन मजल्यांत मला एकदाही भीती वाटली नाही. कुठे गेली, कधी गेली, माहीत नाही. आणि आता ती जाऊन कुणाचं काय भलं होणार होतं?

स्वयंपाकघरात मी खाली बसले. कुडत्याखालून केशरी शेपूट दिसत होतं. आई दारात आल्या.

"कुणाचं हे?"

"रेवाचं."

"खाली होतं?"

"हो. सोमवारपासून."

"माझ्यामुळे?"

आईंनी बाटलीत कोमट पाणी भरलं, पंच्यात गुंडाळलं आणि माझ्याशेजारी येऊन बसल्या. गुडघे दुखतात त्यांचे, तरी जमिनीवर बसल्या. मग जिलबीच्या अंगावरून एक बोट फिरवलं.

"अगं, मला सांगायचंस तरी," त्या म्हणाल्या.

हे एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. माझ्या यादीतल्या एकाही ओळीत या बाई नव्हत्या. पंचवीस वर्षं मी त्यांना 'अहो आई' म्हणत आले, रोज त्यांच्या तोंडाकडे बघून बोलले, आणि त्यांना काय आवडेल, काय नाही, हे त्यांना न विचारताच ठरवत राहिले.

दुपारी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी इंजेक्शन दिलं, ऊब कशी द्यायची ते सांगितलं. म्हणाल्या, लहान आहे, पोट भरलेलं असताना गारठली, बघायला लागेल. पुढचे तीन दिवस मी रजा टाकून दिव्यासमोर बसले. आई पलंगावर बसून जप करायच्या. रेवाचा मेसेज यायचा, मी जूनचा फोटो पाठवायचे. हे मी का केलं, मला विचारू नका. फोन उचलून खरं सांगायला एक मिनिट लागलं असतं. शनिवारी दुपारी माझ्या मनगटावर असतानाच ती गेली. बांगडीत डोकं होतं. मला कळलं नाही, आईंना कळलं.

इथे उन्हाळ्यात असं काही घरात ठेवता येत नाही. मी रडत उभी होते. आईंनी, कांदा-लसूण सोडलेल्या माझ्या सासूबाईंनी, स्वतःच्या हाताने फ्रीजरचा कप्पा उघडला, नारळाच्या पिशव्या बाजूला केल्या आणि म्हणाल्या, "इथे ठेव. पोरीला बघू दे एकदा."

रेवा सोमवारी आली. स्टेशनवर मी नुसती तिची बॅग उचलली. घरी आल्यावर ती बूट न काढता खोलीत गेली. पेटी रिकामी. मी सगळं सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं, एकदाही मध्ये न तोडता. मला वाटलं ओरडेल. तिने फोन काढला, माझे सगळे मेसेज एकेक करून बघितले, जूनचे फोटो, अंगठे.

"जिलबीची भीती तुझी गेली होती," ती म्हणाली. "मी बघितलं होतं. तुला आजीची भीती होती."

आणि मग ती आजीकडे गेली आणि आजीच्या गळ्यात पडून रडली. आई मराठीत म्हणत होत्या, "चुकलं गं बाळा आमचं," आणि ती जर्मनमध्ये हुंदके देत होती. दोघींना एकमेकींचं सगळं कळत होतं. मी ओट्याशी उभी होते, तिथेच, जिथे मेमध्ये ती उभी राहिली होती. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

जिलबीला तळमजल्यावरच्या शेजारीणबाईंच्या बागेत पुरलं. रेवाने करवंटी सोबत द्यायला नकार दिला. ती तुझी आहे, म्हणाली.

त्यानंतर भांडण असं काही झालंच नाही, बरं का. झालं असतं तर मिटवता आलं असतं. रेवा सभ्य झाली. ताट वाढलं की डांके, थँक्यू, म्हणायची, उशीर होणार असेल तर कळवायची, वाढदिवसाला मला मफलर दिला. माझ्याशी भांडणारी, दार आपटणारी माझी पोरगी त्या ऑगस्टमध्ये कुठे गेली ती गेलीच. बारावी झाली, बर्लिनला शिकायला गेली. रविवारी फोन येतो, बापाशी पाऊण तास, माझ्याशी "सगळं ठीक, तू?" मी म्हणते, ठीक. माणूस आपल्याच पोटच्या पोरीशी ठीक ठीक म्हणत किती दिवस काढेल?

माझा हात अजून विसरत नाही. मीटिंगमध्ये बसलेली असते आणि डाव्या मनगटावर काहीतरी कोरडं, कोमट, सावकाश सरकतं. मी हात टेबलाखाली घेते. त्याच्याखालचा दुसरा तळवा मात्र आठवूनही लागत नाही.

आज दुपारी आईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी पाटावरचा नागोबा दाखवला. नऊ नाग, आणि कोपऱ्यात एक दहावा, हळदीत कुंकू कालवून केशरी केलेला. गेल्या वर्षीही काढला होता म्हणे, मला दाखवायचं त्यांना धाडस झालं नाही. "रेवाला केलास का फोन?" त्यांनी विचारलं. "मी केला सकाळी. तिने नवीन आणलाय, तुला माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हतं. शिरीषला माहीत होतं, महिनाभरापासून. संध्याकाळी त्याने मान खाली घालून फोटो दाखवला. बर्लिनमधली छोटी खोली, काचेची पेटी, आणि रेवाच्या मनगटावर करड्या रंगाचं एक बारीक पिल्लू. मी त्या फोटोत साप बघितलाच नाही. हात बघितला. अंगठ्याशी शाईचा डाग आहे अजून.

मी फोन घेऊन तिच्या खोलीत जाऊन बसले. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. शेवटी लिहिलं, "रेवा, मी बर्लिनला आले तर मला त्या पिल्लाला एकदा हातात घेऊ देशील? हात धुऊन येईन."

दोन निळ्या खुणा उमटल्या. ती लिहीत होती, थांबत होती, पुन्हा लिहीत होती. आठला टायमर कट् वाजला, दिवा विझला. मी तशीच बसून राहिले. मग उत्तर आलं. एकच शब्द होता, रोमन अक्षरांत, पण मराठी. इतक्या वर्षांत तिने मला मराठीत दिलेलं हे पहिलं उत्तर.

"बघू."